गिटार झणझणते म्हणून दुकान गाठण्याआधी

आमच्याकडून वापरलेली जपानी फ्लामेंको गिटार (फ्लामेंको म्हणजे स्पेनचा नाच-गाण्याचा प्रकार) नेली, की आठवडाभरात फोन ठरलेला: 'तारा झणझणतात, पीस खराब दिलात.' पीस बहुतेक वेळा चांगलाच असतो. या गिटारीत तारा मुद्दाम खाली बसवतात. बाराव्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) जाड तारेची उंची सुमारे 3 मिलिमीटर. क्लासिकल गिटारीत 4 च्या आसपास. नखांनी फटकारलं की आवाज कोरडा, किंचित खरखरीत यायलाच हवा. तंबोऱ्याची जवारी घालवून द्या म्हणून कुणी मिरजेला जातं का?

फोन करतात ते बरे. काही जण परस्पर दुसरीकडे उंच सॅडल (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) बसवून घेतात आणि मूळचं हाडाचं फेकून देतात. एकांनी तर फ्रेटच घासून आणले. सॅडल नव्याने घडवण्यात आमचा अर्धा दिवस जातो. घासलेला फ्रेट मात्र परत वाढत नाही.

म्हणून आधी ट्यूनर लावून तारा पूर्ण सुरात आणा. उतरलेली तार ढिली असते, ती जास्त झणझणणारच. मग हलक्या हाताने छेडा. तरीही एखाद्याच फ्रेटवर खरखर आली तर तो दोष समजा. व्हिडिओ पाठवा, आम्ही फुकट काढून देऊ. नायलॉनऐवजी स्टीलच्या तारा चढवल्यात तर ओढ जवळजवळ दुप्पट होऊन ब्रिज (तारा बांधलेली, सॅडल धरणारी लाकडी पट्टी) उखडतो. ते काम फुकट नाही.

'स्पॅनिश का नाही, जपानी का?' हेही विचारतात. अहो, जपानला हे फ्लामेंकोचं वेड जुनं आहे. ला आर्हेंतिना ही स्पॅनिश नर्तकी 1929 मध्ये तोक्योत नाचली. ते पाहिलेल्या जपानी नर्तक काझुओ ओहनो यांनी तब्बल 1977 मध्ये तिच्या आठवणीवर नृत्य बसवलं. शिंजुकूत 1967 पासून जवळजवळ पन्नास वर्षं फ्लामेंकोचा खास रंगमंच चालला. कारागीर मासारू कोहनो स्पेनला जाऊन माद्रिदमध्ये काम शिकून आले आणि त्याच 1967 साली बेल्जियममधल्या गिटारनिर्मितीच्या स्पर्धेत त्यांना सुवर्णपदक मिळालं. स्पॅनिश हातबनावटीची गिटारही आम्ही मागवून देतो, पण आधी भाव विचारा, मग ही जपानी एकदा मांडीवर घेऊन बघा.

तारा उंचच हव्या असतील तर घेतानाच सांगा. दुसरं सॅडल घडवून देऊ आणि मूळचं पुडीत बांधून केसमध्ये ठेवू.