इरॅस्मसला अप्लाय करायचंय? आधी सांगा, एक्स्चेंज की मुंडस?

ऑक्टोबर आला की ज्युनिअर लोकांचे मेसेज सुरू होतात, "ताई, इरॅस्मसला अप्लाय करायचंय, कॉलेजची एनओसी लागते का?" मी उलट विचारते, कुठल्या इरॅस्मसला? मग तिकडून बराच वेळ नुसतं टायपिंग... दिसत राहतं. त्यांची चूक नाहीये, इरॅस्मस ही युरोपात शिकायला जायची योजना, तिचे एक्स्चेंज आणि मुंडस असे दोन प्रकार, पैसा दोन्हीकडे युरोपियन युनियनचाच आणि नावही तेच, पण एकाचं काम तुमच्याच युनिव्हर्सिटीतून होतं आणि दुसऱ्यात तुमच्या युनिव्हर्सिटीला कोणी विचारत पण नाही.

एक्स्चेंज म्हणजे तुमची एमएस्सी इथलीच, चालू असलेली, त्यातला एक सेम, बहुतेक वेळा तिसरा, तिकडे करायचा आणि परत यायचं. डिग्री इथलीच, तिकडून फक्त ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे तिथल्या विषयांची आणि मार्कांची यादी. त्यासाठी दोन युनिव्हर्सिट्यांमध्ये आधीपासून करार लागतो आणि तुमचं नाव आपल्याच युनिव्हर्सिटीने कळवायचं असतं, त्याला नॉमिनेशन म्हणतात, त्यामुळे तिकडच्या प्रोफेसरांना थेट मेल टाकून काही होत नाही, आपल्या इंटरनॅशनल ऑफिसच्या पायऱ्याच झिजवाव्या लागतात. फी इथेच भरायची, तिकडे ट्यूशन फी नाही. पण करार आहे म्हणजे इरॅस्मसची ग्रँटही मिळणार असं समजू नका. ग्रँटच्या जागा मोजक्या, बाकीचे साधे करार, त्यात फी माफ पण राहणं-खाणं घरच्या पैशातून. हे फॉर्म भरायच्या आधी विचारा, नॉमिनेशन झाल्यावर नको.

मुंडसचं प्रकरणच वेगळं. इरॅस्मस १९८७ चं, मुंडस २००४ मध्ये आलं. यात किमान ३ देशांतल्या ३ संस्था मिळून एक मास्टर्स चालवतात, तुम्ही किमान २ देशांत शिकता आणि शेवटी जॉइंट किंवा एकापेक्षा जास्त डिग्र्या हातात येतात. म्हणजे ही नवी, आख्खी डिग्री आहे, तुमच्या चालू एमएस्सीचा तुकडा नाही! माझ्या हॉस्टेलमधल्या एका मैत्रिणीला मुंडस मिळालं आणि ती एचओडींकडे तिसऱ्या सेमपुरती परवानगी मागायला गेली, सरांनी ऑफर लेटर वाचून विचारलं, "बाई, हे दोन वर्षांचं आहे, रजा कशाची देऊ?" शेवटी तिने इथली एमएस्सी सोडली, तो तिचा निर्णय, पण हे अप्लाय करताना माहीत असतं तर घरी एवढं महाभारत झालं नसतं.

मुंडसला अर्ज थेट त्या कोर्सच्या साइटवर, बहुतेक कोर्सेसचे ऑक्टोबर ते जानेवारीत. बॅचलर्स झालेलं असलं की चालतं, एनओसी वगैरे काही नाही. स्कॉलरशिप मिळाली तर फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. ऐकायला भारी आहे, पण विमान, व्हिसा, देश बदलताना बॅगा ओढणं, नव्या घराचं डिपॉझिट सगळं त्यातूनच. आणि लेटरमध्ये सेल्फ-फंडेड लिहिलंय का ते बघा, तसं असेल तर अ‍ॅडमिशन आहे, पैसे नाहीत. पेढे वाटायच्या आधी वाचा.

मला विचाराल तर एमएस्सी अर्धी झालेल्याने आधी एक्स्चेंजच बघावं, पण त्यात खरी डोकेदुखी क्रेडिट आणि कॅलेंडरची. तिकडे सेमला ३० ईसीटीएस (युरोपातले क्रेडिट), आपल्याकडे साधारण २० ते २२ क्रेडिट, आता कशाच्या बदल्यात काय धरायचं हे आपल्या डिपार्टमेंटने ठरवायचं, तेही जायच्या आधी. त्यात जर्मनीचं विंटर सेमिस्टर ऑक्टोबरमध्ये सुरू होऊन लेक्चर्स फेब्रुवारीपर्यंत चालतात, तोवर इथे चौथा सेम सुरू होऊन प्रोजेक्टचे गाईड वाटून पण झालेले असतात. स्वीडनमध्ये ऑगस्टच्या शेवटी सुरू होऊन जानेवारीच्या मध्याला संपतं, ते आपल्याला त्यातल्या त्यात बरं पडतं. मुंडसवाल्यांना क्रेडिटची ही कटकट नाही, ते कोर्स चालवणाऱ्यांनीच आधी ठरवलेलं असतं, त्यांच्या डोक्याला ताप म्हणजे प्रत्येक नव्या देशात राहण्याच्या परमिटचे कागद.

एक्स्चेंजवाल्यांनी अजून एक करा. जायच्या आधी लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर तुमची आणि दोन्हीकडच्या युनिव्हर्सिटीची सही होते, त्यात कुठले कोर्स घेणार ते असतं. तिकडे पोचल्यावर हमखास एखादा कोर्स रद्द होतो किंवा दोन लेक्चर्स एकाच वेळेला येतात, मग आपण दुसरा कोर्स घेतो आणि इथल्या डिपार्टमेंटला कळवायचं राहून जातं. तसं करू नका, त्याच आठवड्यात बदललेला कागद एचओडींना मेल करून सही मागवा. परत आल्यावर मागायला गेलात तर तोवर एचओडी बदललेले असतात आणि नवीन सर म्हणतात, हा विषय आमच्या सिलॅबसमध्ये नाही.