सौदीतल्या संगीत महोत्सवाला जायचंय? आधी व्हिसा, मग तिकीट

रियाधच्या उत्तरेला बनबानमध्ये डिसेंबरात साउंडस्टॉर्म हा संगीत महोत्सव भरतो आणि ऑक्टोबरपासून रियाध सीझन या मनोरंजन महोत्सवाचे कार्यक्रम सुरू होतात. दोन्हींची तिकिटं ऑनलाइन मिळतात आणि कार्ड चाललं की पाच मिनिटांत हातात येतात. घोळ तिथेच होतो. तिकीट आलं म्हणजे जायचं नक्की झालं असं वाटतं, पण त्या तिकिटाचा व्हिसाशी काहीही संबंध नसतो. डिसेंबर 2018 मध्ये रियाधजवळच्या दिरियातल्या फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या शर्यतीसाठी तिकिटाला जोडलेला ‘शारेक’ व्हिसा दिला होता, त्यामुळे हा समज अजून टिकून आहे. सप्टेंबर 2019 मध्ये स्वतंत्र पर्यटक व्हिसा सुरू झाला. आता अर्ज त्याचाच करायचा.

हा व्हिसा ऑनलाइन मिळतो तेव्हा त्याला ई-व्हिसा म्हणतात. तो सुरू झाला तेव्हा यादीत 49 देश होते. भारत त्यात नव्हता. म्हणून भारतीय पासपोर्टवर नुसता ऑनलाइन अर्ज भरून ई-व्हिसा मिळत नाही, त्यासाठी आणखी काहीतरी हातात असावं लागतं. ते म्हणजे अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक) चालू पर्यटक वा व्यावसायिक व्हिसा, नाहीतर अमेरिका, ब्रिटन किंवा युरोपीय संघातला कायम रहिवास, नाहीतर आखाती सहकार्य परिषदेच्या देशातला रहिवासी परवाना. दुबई, मस्कत, दोहा इथे नोकरीला असलेल्यांना हा शेवटचा मार्ग सगळ्यात सोपा. मार्च 2023 पासून त्यात ठरावीक व्यवसायाचीच माणसं हवीत ही अट राहिलेली नाही. परवान्याची मुदत किमान तीन महिने आणि पासपोर्टची किमान सहा महिने शिल्लक हवी. बायको-मुलांनाही ई-व्हिसा मिळतो, पण त्यांनी परवानाधारकाबरोबरच प्रवेश करायचा.

अमेरिका-ब्रिटन-शेंगेन व्हिसाच्या बाबतीत सर्वाधिक लोक एका शब्दावर अडखळतात: ‘वापरलेला’. व्हिसा चालू असून भागत नाही. ज्या देशाने दिला त्या देशात त्यावर निदान एकदा प्रवेश झालेला असावा लागतो. पासपोर्टवर अमेरिकेचा दहा वर्षांचा कोरा करकरीत व्हिसा आहे, पण अजून तिकडे गेलाच नाहीत, तर तो इथे उपयोगाचा नाही. शेंगेन व्हिसा फ्रान्सने दिला आणि तुम्ही फक्त इटली पाहून परत आलात, तरी अडचण येऊ शकते. एकदाच प्रवेश देणारा शेंगेन व्हिसा वापरून झाला असेल, तर तारीख उरलेली असली तरी त्यावर भिस्त ठेवू नका. प्रवेशाचा शिक्का असलेलं पान स्वच्छ स्कॅन करून फोनमध्ये ठेवा आणि त्याची छापील प्रतही सोबत असू द्या.

यातलं काहीच नसेल तर सौदी व्हिसाचे अर्ज घेणाऱ्या व्हीएफएस तशीलच्या केंद्रावरून अर्ज करायचा. अपॉइंटमेंट घेऊन स्वतः जावं लागतं, कारण बोटांचे ठसे आणि फोटो तिथेच घेतात. सोबत न्यायचं ते असं: सहा महिने मुदतीचा आणि दोन कोरी पानं असलेला पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो, जाण्या-येण्याचं विमान आरक्षण, हॉटेलचं आरक्षण, बँकेचं स्टेटमेंट, नोकरीचं पत्र किंवा धंद्याची कागदपत्रं. आरक्षणं रद्द करता येतील अशीच करा. हॉटेलच्या तारखा आणि विमानाच्या तारखा जुळत नाहीत, ही चूक बारीक दिसते पण कागद परत येतात ते त्यामुळेच. अठरा वर्षांखालच्यांना स्वतंत्र अर्ज करता येत नाही, पालक लागतो.

नावाचा रकाना आपल्या लोकांना हमखास छळतो. फॉर्ममध्ये वडिलांचं, आजोबांचं आणि कुटुंबाचं नाव वेगवेगळं विचारलेलं दिसू शकतं, आणि आपल्या पासपोर्टवर मात्र ‘गिव्हन नेम’मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. पासपोर्टवर जसं आहे तसंच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने भरा. लग्नानंतर आधारवर नाव बदललं आणि पासपोर्ट जुनाच असेल, तर इथे पासपोर्टचंच चालतं. विमानाचं तिकीटही त्याच नावाने काढा. फी परत मिळत नाही. सुरुवातीला विम्यासकट 440 रियाल होती, आता किती ते पैसे भरायच्या पानावर दिसतं.

व्हिसा आल्यावर तो वाचा. ‘वर्षभर कितीही वेळा’ ही जुनी माहिती अजून फिरते आहे. तुमच्या व्हिसावर एकच प्रवेश आणि 30 दिवस लिहिलं असेल तर तेच खरं. सौदिया किंवा फ्लायनास या सौदी विमान कंपन्यांनी पुढे दुसऱ्या देशात जाणार असाल तर वाटेत थांबण्यासाठी 96 तासांचा स्टॉपओव्हर व्हिसाही आहे. एका रात्रीच्या मैफलीला तो पुरतो. पर्यटक व्हिसावर हज करता येत नाही, आणि मुस्लिमेतरांना मक्केत प्रवेश नाही.

आता वागणुकीबद्दल. 2016 मध्ये मनोरंजनासाठी स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झालं आणि त्याच वर्षी धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार गेला. म्हणून सगळी मोकळीक आहे असं नाही. 2019 च्या सार्वजनिक सभ्यतेच्या नियमांत 19 गुन्हे आहेत आणि दंड 50 ते 6,000 रियालपर्यंत. नमाजाच्या वेळी संगीत वाजवणं, परवानगीशिवाय लोकांचे फोटो काढणं, तोकडे कपडे हे सगळं त्यात येतं. मैफलीतही नमाजाला संगीत थांबतं. ध्वनियंत्रणा बिघडली म्हणून ओरडू नका. परदेशी स्त्रियांना अबायाची (अंगभर झग्याची) सक्ती नाही, पण खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. परदेशी जोडप्याकडे हॉटेलात लग्नाचा दाखला मागत नाहीत. छेडछाडीला मात्र 2018 च्या कायद्याने दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रियालपर्यंत दंड आहे, गंभीर प्रकरणात त्याहून जास्त. दारू महोत्सवातही नाही. विमानतळावरच्या दुकानातली बाटली बॅगेत टाकलीत तर प्रवास तिथेच संपेल.

बॅग भरताना औषधं तपासा. ट्रामाडॉल, अल्प्राझोलम, प्रेगाबालिन, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांच्यासाठी तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची ऑनलाइन परवानगी आधी घ्यायची. डॉक्टरांची चिठ्ठी पासपोर्टवरच्याच नावाची आणि गोळ्या मुक्कामापुरत्या. आणि खसखस. ती अफूच्याच झाडाची म्हणून सौदीत बंदी आहे. रियाध सीझन नेमका दिवाळीच्या सुमारास सुरू होतो आणि तिकडच्या नातेवाइकांसाठी डबे भरले जातात. अनारशावर ती उघड दिसते, करंजीच्या सारणात दडलेली असते. चकली, शेव, बेसनलाडू न्या. अनारसे घरीच खाऊन निघा.