फुलका

फुलका : गव्हाच्या कणकेची, तेल न घालता लाटलेली आणि शेवटी आचेवर धरून फुगवलेली पातळ पोळी. 'फुलणे' या क्रियापदावरून हे नाव आले. घडीच्या पोळीत लाटीला तेलाचे बोट फिरवून, वर पिठी भुरभुरून घडी घालतात. त्यामुळे पदर सुटतात आणि पोळी उशिरापर्यंत मऊ राहते. फुलक्यात घडी नसते, पदर दोनच असतात. त्याच्या मऊपणाचा सगळा भार पाण्यावर, कणीक मुरण्यावर आणि आचेवर असतो. तेल नाही म्हणजे फुलका कोरडाच होणार, ही समजूत चुकीची आहे. वातड फुलक्यात बहुतेक वेळा पाणी कमी पडलेले असते.

इंदूरच्या मराठी घरांत 'पोळी', 'फुलका' आणि 'रोटी' हे तिन्ही शब्द एकाच ओट्यापाशी ऐकू येतात. होळकरांबरोबर मालव्यात आलेल्या आणि १८१८ नंतर इंदूर राजधानी झाल्यावर इथे वाढत गेलेल्या मराठी वस्तीने घडीची पोळी सोडली नाही, पण रोजच्या ताटात मालव्याचा फुलकाही घेतला. याच मालव्यात बाफलाही आहे : जाडसर कणकेचे गोळे पाण्यात उकळायचे, शेकायचे आणि तुपात बुडवायचे. एकाच गव्हाची ही दोन टोके इंदूरच्या घरांत सुखाने नांदतात.

गहू. इंदूरमध्ये फुलक्याची चर्चा गव्हापासून सुरू होते आणि ते बरोबरच आहे. चैत्र-वैशाखात नवा गहू बाजारात आला की वर्षाचा गहू भरून ठेवण्याची रीत अजून पुष्कळ घरांत आहे. शहरातल्या छावणी भागाच्या धान्यबाजारात मुठीत दाणे घेऊन लोक विचारतात : शरबती, लोकवन, सुजाता की मालवी? लोकवन म्हणजे 'लोक-१'. हे वाण सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत तयार झाले. 'एचआय' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या वाणांतला 'आय' इंदूरचा. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या इथल्या प्रादेशिक केंद्राने ती वाणे दिली. पूसा तेजस हे त्यांतलेच एक.

मालवी म्हणजे कठीण दाण्याचा, पिवळसर गहू. बाफल्याला आणि रव्याला तो उत्तम. त्याचे ग्लुटेन (कणकेला चिवटपणा देणारे प्रथिन) घट्ट असते पण फारसे ताणले जात नाही, म्हणून नुसत्या मालवीची पोळी लाटताना आखडते. शरबती किंवा लोकवनची कणीक लाटण्याखाली सहज पसरते. ज्यांना मालवीचा रंग आणि गोडवा हवा असतो, ते त्यात लोकवन मिसळून दळून आणतात. दळण बारीक असावे. चक्कीच्या दगडाखाली स्टार्चचे काही कण फुटतात आणि हे फुटलेले कण पाणी जास्त धरतात. चक्कीच्या ताज्या पिठाचा फुलका मऊ होतो त्यात याचा मोठा वाटा आहे. कोंडा चाळून टाकण्याची गरज नाही, फक्त त्याला भिजायला वेळ द्यावा लागतो.

कणीक. १०० ग्रॅम पिठाला साधारण ६५ ते ७५ मिलिलिटर पाणी लागते. जुना, कोरडा गहू असेल तर थोडे अधिक. पाणी एकदम ओतू नये. इंदूरच्या थंडीत कोमट पाणी घेतले तर कोंडा लवकर भिजतो. उन्हाळ्यात साधे पाणी पुरते, पण मळलेली कणीक ओट्यावर फार वेळ ठेवली तर आंबते. मीठ ऐच्छिक आहे. दूध, दही घालणाऱ्यांचा फुलका वाईट होतो असे नाही, पण चांगल्या गव्हाला त्यांची गरज पडत नाही.

खरे काम मळून झाल्यावर होते. पाणी लागताच पिठातली प्रथिने एकमेकांत गुंतून ग्लुटेनची जाळी बनते. मळल्याने ती बळकट होते, आणि ओल्या फडक्याखाली २० ते ३० मिनिटे विसावली की सैल होते. त्याच वेळात कोंडा पाणी पिऊन नरम पडतो. न मुरलेल्या कणकेत कोंड्याचे कण टोकदार राहतात, लाटताना पापुद्र्याला बारीक छिद्रे पाडतात, आणि मग वाफ निसटते. प्रस्तुत लेखिकेची आजी मुरलेल्या कणकेवर बोट दाबून पाही. खड्डा हळूहळू भरून आला तर तवा चढे. झटकन उसळून आला तर आणखी दहा मिनिटे थांबायचे. आणि तसाच राहिला तर कणीक सैल झाली असे समजायचे. हातावर तेल घेऊन कणीक चोपडण्याची सवय तिला नव्हती. पाण्याचा हात फिरवून ती पुन्हा चार वेळा मुठीने दाबी. लेखिकेला आजही याहून चांगली परीक्षा सापडलेली नाही.

लाटणे. लिंबाएवढी लाटी घ्यावी, तिला कुठेही चीर नसावी. पिठी बेताचीच लावावी. जादा पिठी तव्यावर करपते, कडवट लागते आणि फुलक्याचा ओलावाही ओढून घेते. दाब कडेला जास्त, मध्ये कमी. कडा जाड राहिल्या तर मध्यभाग भाजून होतो आणि कडा कच्च्या राहतात. फुलका गोल नसला तरी फुगतो. जाडी सारखी नसेल तर फुगत नाही. नवशिक्यांनी गोलाईची चिंता आधी सोडावी.

भाजणे. तवा लोखंडी आणि चांगला तापलेला हवा. चिमूटभर पीठ टाकले की काही क्षणांत ते बदामी झाले पाहिजे. तवा थंड असला तर फुलका भाजण्याआधी वाळतो. घरोघरी होणाऱ्या कडक फुलक्यांचे हेही एक मोठे कारण आहे. पहिला फुलका गाईचा काढण्याची रीत मराठी आणि मालवी दोन्ही घरांत आहे, आणि त्या पहिल्या फुलक्यावर तव्याचा अंदाजही येतो.

पहिली बाजू १५-२० सेकंदच ठेवायची. वरचा रंग ओलसरपणा सोडून किंचित मळकट पांढरा होतो आणि बारीक फोड उठू लागतात, तेवढ्यात उलटायचे. दुसरी बाजू तांबूस ठिपके पडेपर्यंत, साधारण दुप्पट वेळ भाजायची. मग चिमट्याने उचलून कमी भाजलेली पहिली बाजू मोठ्या आचेवर टाकायची. आत जे घडते ते असे : दोन्ही पृष्ठभाग उष्णतेने बसलेले असतात, मधला थर अजून ओला असतो. त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि एक मिलिलिटर पाण्याची वाफ दीड लिटरहून अधिक जागा मागते. ती दोन पापुद्र्यांना अलग करते. आधी एका कडेला टपोरा फुगा येतो, तो सरकत दुसऱ्या कडेपर्यंत जातो आणि क्षणभर फुलका चेंडूसारखा उभा राहतो. आतला मऊपणा त्या वाफेतच शिजतो, म्हणून न फुगलेला फुलका भाजला गेला तरी तसा मऊ लागत नाही.

चुलीच्या काळात तवा उतरवून फुलका निखाऱ्यांपाशी धरीत. गॅसवर थेट किंवा जाळीवर फुगवतात. इंडक्शनच्या शेगडीवर ज्योत नसते. तिथे फडक्याचा बोळा करून फुलक्याच्या कडा तव्यावर हलके दाबाव्यात, वाफ न फुगलेल्या भागाकडे जाते. जोरात दाबले तर पापुद्रा फाटतो.

ठेवणे. फुलका आचेवरून थेट बंद स्टीलच्या डब्यात टाकला तर झाकणाला वाफ धरते, थेंब खाली पडतात आणि तळचे फुलके चिकट होतात. क्षणभर दुरडीत ठेवून, मग सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवावेत. फडके जादा ओल टिपते आणि गरमी धरून ठेवते. वरून लावलेले तूप चवीला छान, पण ते पृष्ठभाग वाळू देत नाही एवढेच. आतून कडक झालेल्या फुलक्याला ते मऊ करू शकत नाही. पथ्य असणाऱ्यांसाठी हिशोब सोपा आहे : २५ ग्रॅम कोरड्या पिठाच्या फुलक्यात साधारण ८५ कॅलरी, तर एका पोळीला आतून-बाहेरून लागणाऱ्या ५ ग्रॅम तेलात ४५.

थंड झाल्यावर फुलका ताठ होतो तो केवळ वाळल्यामुळे नव्हे. शिजलेला स्टार्च पुन्हा स्फटिकासारखा बांधला जातो, आणि हे फ्रिजच्या थंडीत सर्वांत वेगाने होते. म्हणून उरलेले फुलके फ्रिजमध्ये ठेवण्याऐवजी झाकून बाहेर ठेवावेत आणि त्याच दिवशी संपवावेत. पाण्याचा हबका मारून गरम तव्यावर टाकले की बांधलेला स्टार्च सैल होतो आणि फुलका पुन्हा मऊ होतो, मात्र तो तेवढ्यात खाल्ला पाहिजे. त्यानंतरही उरले तर सकाळी इंदूरच्या मराठी घरांत फोडणीची पोळी होते. फुलक्याला तेल लावलेले घडीचे पदर नसल्याने त्याचा चुरा घडीच्या पोळीपेक्षा कोरडा होतो. कुस्करताना त्यावर थोडे ताक शिंपडतात आणि झाकण ठेवून एक वाफ काढतात.