फाल्गुनात कोल्हापुरातून कुठे जावे?

फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटे शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या वाटेला लागले, की केर्लीच्या आसपास उसाच्या फडांवर एक दृश्य बहुतेक वेळा पाहायला मिळते. गुऱ्हाळघराच्या चुलवाणात चिपाड पेटलेले असते, धुराड्यातून निघालेला धूर सरळ वर चढतो आणि थोड्या उंचीवर जाताच छताला टेकल्यासारखा आडवा पसरून राहतो. दुचाकीवरून जाणाऱ्याची बोटे तेथे गारठलेली असतात. पण वाघबीळची चढण चढून वर आले, की हवा उलट किंचित उबदार लागते. उंचावर गारवा असतो हे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, आणि तरीही पहाटेचा अनुभव नेमका विरुद्ध असतो. वसंताच्या तोंडावर सहलीला कोठे जावे, या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या आडव्या पसरलेल्या धुरात आहे.

या दिवसांत आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने आकाशाकडे सोडून देते आणि तिला लागून असलेली हवाही थंड होते. थंड हवा जड असल्यामुळे ती डोंगरउतारावरून ओघळत पंचगंगेच्या खोऱ्यात साचते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. भूगोलाच्या पुस्तकात यालाच तापमानाची विपरीतता म्हणतात. सूर्य वर आला, जमीन तापू लागली, की हे झाकण मोडते, धूर मोकळा होतो आणि मग उंचीचा नेहमीचा नियम लागू होतो. वर जाणारी हवा कमी दाबामुळे प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. कोरडी हवा दर १००० मीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने निवते, तर वातावरणाची एकूण सरासरी सुमारे ६.५ अंश धरली जाते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि पन्हाळा ९५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे दुपारी शहरात पारा ३५ अंशांवर असताना गडावर तो तीन-चार अंशांनी उतरलेला असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर असल्यामुळे तेथे हा फरक याच्या दुप्पट होतो.

यावरून निघणारा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडील रीत बरोबर याच्या उलट आहे. पुष्कळ लोक गारव्यासाठी भल्या पहाटे पन्हाळ्याला किंवा जोतिबाच्या डोंगरावर जातात आणि अकरा वाजता, म्हणजे उंचीचा खरा लाभ सुरू होतो त्याच वेळी, खाली उतरतात. पहाट खोऱ्यात, नदीकाठी काढावी आणि दुपार डोंगरावर घालवावी, असे हवेचे गणित सांगते.

समुद्राचा हिशेब वेगळा आहे. पाण्याचे तापमान एका अंशाने वाढवण्यासाठी तेवढ्याच वजनाच्या कोरड्या मातीच्या सुमारे पाचपट उष्णता लागते, म्हणून मार्चमध्ये जमीन तापली तरी समुद्र मागे राहतो आणि दुपारी किनाऱ्याकडे खारा वारा वाहू लागतो. मालवण किंवा वेंगुर्ल्याचे कमाल तापमान त्यामुळे कोल्हापूरपेक्षा कमीच भरते. पण अंगाला मात्र तेथे अधिक उकडते. याचे कारण समजून घ्यायचे असेल, तर घरातला माठ आठवावा. माठ पाझरतो, पाझरलेले पाणी वाफ होऊन उडते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. हवा ३६ अंशांची असून आर्द्रता २० टक्के असेल, तर अशा बाष्पीभवनाने पाणी जास्तीत जास्त २० अंशांपर्यंत निवू शकते. हवा ३३ अंशांचीच पण आर्द्रता ६५ टक्के असेल, तर ते २७ अंशांच्या खाली येऊ शकत नाही. आपले घामेजलेले शरीरही त्या माठासारखेच असल्यामुळे, कोल्हापूरच्या कोरड्या उन्हात सावलीला उभे राहताच जो थंडावा मिळतो तो कोकणात मिळत नाही. लहान मुले आणि वयस्कर मंडळी बरोबर असतील, तर कोकणची सहल फेब्रुवारीतच उरकलेली बरी.

मार्चमध्ये कोकणात जाण्यासारखे एक सबळ कारण मात्र आहे. ऑलिव्ह रिडले जातीच्या सागरी कासवांची पिल्ले याच काळात वाळूतून बाहेर पडतात. मंडणगड तालुक्यातील वेळास त्यासाठी प्रसिद्ध आहे. कोल्हापूरकरांना आंबोलीमार्गे वेंगुर्ल्याजवळचे वायंगणी सोयीचे पडते. मादी एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी घालून निघून जाते आणि पुढचे ४५ ते ६० दिवस ती अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या वाळूच्या तापमानावर ठरते: साधारण २९-३० अंशांच्या वर माद्या अधिक, त्याखाली नर अधिक. ज्या उन्हाने आपण हैराण होतो तेच ऊन वाळूखाली एका पिढीची घडण ठरवत असते, हे तेथे वाळूवर उभे राहिल्यावर फार तीव्रतेने जाणवते.

झाडांचा वसंत पाहायचा असेल, तर तापमान बाजूला ठेवून पाण्याचा विचार करावा लागतो. थंड प्रदेशात फुलोरा उष्णतेची वाट पाहतो. हॉपकिन्स या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये असा ठोकताळा मांडला, की दर ४०० फूट उंचीमागे वसंत चार दिवसांनी लांबतो. उत्तराखंडात लाल बुरांश आधी खालच्या उतारांवर फुलतो आणि एप्रिलकडे वर सरकत जातो, तो याच कारणाने. तिकडे जाणाऱ्याने तारखेप्रमाणे उंची निवडावी. सह्याद्रीत उष्णता बारा महिने पुरेशी असल्यामुळे हा ठोकताळा चालत नाही. येथे जमिनीत ओल किती उरली आहे, यावर सारे ठरते.

आणि ओलीच्या बाबतीत कोल्हापूर जिल्हा विलक्षण आहे. पूर्वेला शिरोळकडे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडतो, शहरात हजाराच्या आसपास, तर शहरापासून जेमतेम ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्यात ५००० मिलिमीटरच्याही वर. पूर्वेच्या कोरड्या माळांवर पळस, पांगारा आणि सावर आता निष्पर्ण होऊन फुललेले असतात. पानांवरील सूक्ष्म रंध्रांतून सतत पाणी उडत असते. पाने गाळून झाड ती गळती थांबवते, खोल मुळांनी ओढलेले पाणी खोडात साठते आणि त्या साठ्यावर फुलोरा येतो. पाने नसल्यामुळे लाल-केशरी फुले पक्ष्यांना लांबूनही दिसतात. सावरीच्या एका झाडावर सकाळी अर्धा तास नजर ठेवली, तर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल मधासाठी भांडताना दिसतील. पळसाला पाने तीनच असली, तरी त्या तीन पानांच्या गैरहजेरीतच त्याचे वैभव आहे. त्याच्या पाकळ्या गरम पाण्यात टाकून निघणारा केशरी रंग आपल्या रंगपंचमीसाठी आजही सहज करता येतो.

पश्चिमेला, दाजीपूर-राधानगरीच्या सदाहरित जंगलात, पाने गळत नाहीत, बदलतात. १९५८ मध्ये स्थापन झालेले हे राज्यातील पहिले अभयारण्य. २०१२ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या पश्चिम घाटातील स्थळांत त्याचा समावेश आहे. लोक तेथे गवे पाहायला जातात. माझे म्हणणे असे, की गवा दिसो वा न दिसो, या महिन्यात अंजनीच्या फांद्यांना बिलगलेले निळेजांभळे झुबके आणि करवंदीच्या पांढऱ्या फुलांचा वास यासाठीच जावे. मात्र वाळलेल्या गवतावर एक पेटती काडी पडली तरी वणवा लागतो, म्हणून विडी-सिगारेट आणि चूल दोन्ही टाळावे.

कास आणि मसाई पठार यांना सध्या रजा द्यावी. जांभ्या खडकावरील मातीचा थर बोटभर असल्यामुळे पावसाळ्यानंतर तो लगेच सुकतो आणि तेथील वनस्पती कंद व बियांच्या रूपाने झोपी जातात. आंबोलीचे धबधबेही याच कारणाने आटलेले असतात.

एकच सहल करायची असेल, तर मी गगनबावड्याचा रस्ता निवडेन. तेथे वाटेत कुसुंबाचे झाड दिसले, तर थांबून एक कोवळे पान हातात घ्यावे. ते मऊ, लुळे आणि तांबड्या रंगाचे असते. उन्हासमोर धरले, की आतल्या शिरा स्पष्ट दिसतात. या पानात हरितद्रव्य अजून पुरेसे तयार झालेले नसते आणि अँथोसायनिन हे लाल द्रव्य कोवळ्या पेशींना प्रखर उन्हापासून आडोसा देते, असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. आंब्याची नवी पालवी तांबूस दिसते तीही यामुळेच. हरितद्रव्य भरत गेले, की दोन-तीन आठवड्यांत ही लाली ओसरते आणि कुसुंब चारचौघांसारखा हिरवा होतो. म्हणून गुढीपाडव्याच्या सुट्टीची वाट न पाहता त्याआधीच्याच एखाद्या रविवारी निघावे.