संकेतस्थळावरील छायाचित्रे आणि शोधयंत्रे: पार्श्वभूमी

२०२७ चा सिंहस्थ जवळ येत असताना नाशिकमधील हॉटेले, यात्रा कंपन्या आणि येवल्यातील पैठणी विक्रेते यांच्या संकेतस्थळांच्या डागडुजीत एक प्रश्न हमखास निघतो: आपली छायाचित्रे शोधयंत्रात वर का येत नाहीत? त्यावर मिळणारे उत्तर बहुधा फाइलच्या आकाराविषयी असते, आणि ते चुकीचे नसते. मात्र छायाचित्रासोबत लिहायच्या आणि ते दिसत नसेल तेव्हा त्याऐवजी वाचल्या जाणाऱ्या पर्यायी मजकुराचा, म्हणजेच ऑल्ट मजकुराचा, इतिहास त्याहून जुना आणि अधिक वादग्रस्त असूनही सर्वांत कमी लक्ष त्याच्याकडेच दिले जाते.

वेबपानात चित्र बसवण्याची खूण फेब्रुवारी १९९३ मध्ये सुचवली गेली. एचटीएमएल या वेबपाने लिहिण्याच्या भाषेच्या १९९५ च्या प्रमाणकात ऑल्ट ऐच्छिक होता. तेव्हा अनेक ब्राउझर केवळ मजकूर दाखवीत आणि संथ जोडणीमुळे पुष्कळ लोक चित्रे बंद ठेवीत, त्यांच्यासाठी ही सोय होती. डिसेंबर १९९७ च्या आवृत्तीत तो सक्तीचा झाला. मे १९९९ मध्ये अपंग वापरकर्त्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली, त्यांत चित्रांना मजकुराचा पर्याय देणे ही अगदी पहिली अपेक्षा होती. या साऱ्या काळात या सोयीमागचा मुख्य विचार शोधयंत्राचा नव्हता.

जुलै २००१ मध्ये गूगल या आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या शोधयंत्राने चित्रांचा स्वतंत्र शोध सुरू केला आणि परिस्थिती बदलली. यंत्राला चित्र दिसत नव्हते, त्यामुळे ते फाइलचे नाव, आजूबाजूचा मजकूर आणि ऑल्ट यांवरून अंदाज बांधी. २००३ च्या सिंहस्थाच्या वेळी मराठी संकेतस्थळांना याचा लाभ जवळपास नव्हताच. देवनागरी युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संगणकीय संकेतप्रणालीत, १९९१ पासून होती, परंतु बहुतेक मराठी पाने स्वतःच्या वेगळ्या फाँटवर चालत आणि शोधयंत्राला ती निरर्थक रोमन अक्षरे वाटत. मथळेच्या मथळे चित्ररूपात टाकण्याची सवयही त्याच काळातली, आणि सण-उत्सवांच्या जाहिरातींमध्ये ती आजही टिकून आहे. परिणामी रामकुंडाचे मराठी पानावरील छायाचित्र मराठीतून शोधणाऱ्याला सापडत नसे.

इंग्रजी पानांवर उलट अतिरेक झाला. रामकुंडाच्या छायाचित्राच्या ऑल्टमध्ये ‘नाशिक हॉटेल, स्वस्त हॉटेल, कुंभमेळा हॉटेल, त्र्यंबकेश्वर हॉटेल’ अशी माळ ओवली, तर दृष्टिहीन वाचकाचे स्क्रीन रीडर ती माळ अक्षरशः वाचून दाखवते आणि चित्रात काय आहे ते शेवटपर्यंत कळत नाही. ‘पहाटे रामकुंडाच्या पायऱ्यांवर स्नानासाठी उतरलेले भाविक’ एवढे एक वाक्य त्या वाचकालाही पुरते आणि शोधयंत्रालाही. शोधयंत्रांनी अशा माळांना लबाडीचे लक्षण मानायला सुरुवात केली, तरी सल्लागारांच्या याद्यांमधून ती प्रथा पूर्णपणे गेलेली नाही.

खरा वाद २००७ च्या सुमारास पेटला. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीचा मसुदा तयार होत असताना काही परिस्थितींत ऑल्टची सक्ती शिथिल करावी, असा प्रस्ताव आला. वापरकर्ता शेकडो छायाचित्रे एका झटक्यात चढवतो, त्यांत काय आहे हे संकेतस्थळाला माहीत नसते, आणि सक्ती केली तर केवळ नियमासाठी ‘छायाचित्र’ किंवा फाइलचे नाव असा पोकळ मजकूर भरला जाईल, असा त्यामागचा युक्तिवाद होता. विरोधकांचे म्हणणे असे की एकदा सूट दिली की ती अपवादापुरती राहणार नाही, आणि ज्यांच्यासाठी ही सोय निर्माण झाली तेच बाहेर फेकले जातील. अनेक वर्षांच्या खडाजंगीनंतर ऑक्टोबर २०१४ मध्ये अंतिम झालेल्या आवृत्तीत ऑल्ट सर्वसाधारणपणे आवश्यक राहिला, केवळ सजावटीच्या चित्रांसाठी तो रिकामा ठेवावा असे ठरले आणि मोजके अपवाद मान्य झाले. सूट मागणाऱ्यांची अडचण खोटी नव्हती. पण तिचा भार न पाहू शकणाऱ्या माणसावर टाकणे हा न्याय्य मार्ग नव्हता, आणि पुढच्या घडामोडी पाहता विरोधकांची भीती रास्त होती, असेच म्हणावे लागते.

त्या दरम्यान वेग हा स्वतंत्र विषय बनला होता. २०१० मध्ये पानाचा वेग शोधयंत्राच्या क्रमवारीत धरला जाऊ लागला, एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे त्या वर्षीच्या सिंहस्थाच्या तोंडावर, मोबाइलवर नीट दिसणाऱ्या पानांना झुकते माप मिळाले, आणि सप्टेंबर २०१६ नंतर स्वस्त डेटामुळे आपल्याकडचा बहुतांश वाचक फोनवर आला. २०२१ पासून पानावरील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा हा निकष क्रमवारीच्या विचारात आला, आणि हॉटेलांच्या किंवा साड्यांच्या पानावर असा घटक म्हणजे बहुधा वरचे मोठे छायाचित्रच असते. छायाचित्र वाचक खाली सरकेल तेव्हाच उतरवून घेण्याची सोय २०१९ पासून ब्राउझरमध्येच आली, पण ती या पहिल्या चित्रालाही सरसकट लावली की तेच उशिरा दिसते. वेबपी हे हलके स्वरूप २०१० मध्ये आले, तरी सर्व प्रमुख ब्राउझरांनी ते स्वीकारायला २०२० उजाडले. तोवर दोन-दोन प्रती ठेवण्याचा खटाटोप करावा लागे.

फाइलच्या नावाचा मराठीपुरता एक पेच आहे. मात्रा-वेलांटी धरून ‘पैठणी’ या शब्दात पाच चिन्हे आहेत. प्रत्येकाला तीन बाइट लागतात आणि पत्ता कॉपी केला की प्रत्येक बाइटची टक्केचिन्हासह तीन अक्षरे होतात. एका शब्दाचा पत्ता असा पंचेचाळीस अक्षरांचा होतो. शोधयंत्र तो बिनचूक वाचते, परंतु माणूस पाठवताना तो वाटेत तुटतो. म्हणून नाव लहान आणि रोमन अक्षरांत ठेवावे, ऑल्ट व मथळा मात्र शुद्ध मराठीत द्यावा, हीच वाट व्यवहार्य ठरते. पण विणकराने काढलेला फोटो दुकानदाराकडे आणि तिथून संकेतस्थळ सांभाळणाऱ्याकडे व्हॉट्सॲपवरूनच जातो. त्या प्रवासात तो दाबून लहान होतो, त्याचे नाव तारखेत व क्रमांकात बदलते आणि फाइलमध्ये नोंदवलेली माहितीही गळून पडते. चित्र चढवणाऱ्याच्या हाती उरते ते निव्वळ दृश्य.

आता यंत्रालाही दृश्य बऱ्यापैकी ओळखता येते. एप्रिल २०१६ मध्ये एका मोठ्या समाजमाध्यमाने यंत्राकडून आपोआप ऑल्ट लिहून घ्यायला सुरुवात केली, आणि आज तशी सोय संकेतस्थळे बांधण्याच्या साधनांतही आली आहे. ते यंत्र साडी ओळखते, रंग सांगते, पदरावरचा मोरही सांगते. ती हातमागावर विणली की यंत्रमागावर, येवल्याच्या कोणत्या घरातून आली, हे छायाचित्रातून त्याला सहसा सांगता येत नाही, आणि ग्राहकाला नेमके तेच हवे असते. शिवाय मराठी पानांवर असा आयता मजकूर इंग्रजीत तसाच पडून राहतो. २००७ मध्ये मागितलेली सूट कागदावर मोजक्या अपवादांपलीकडे मिळाली नाही, ती व्यवहारात या वाटेने मिळत आहे.