ख्रिस्ती उपासना संगीत : चाल, अर्थ आणि भाव (पुणे)

ख्रिस्ती मंडळीच्या सामूहिक उपासनेत गायली जाणारी स्तोत्रे, गीते व भजने आणि त्यांची साथसंगत यांना उपासना संगीत म्हणतात. त्यात अर्थ एकट्या शब्दांचा नसतो. चाल, लय, वाद्य आणि ती चाल पूर्वी कुठे कानावर पडली याची आठवण, हे सारे मिळून गाणाऱ्याच्या मनात भाव उभा करतात. पुण्यातील मराठी मंडळ्यांत हे ठळकपणे जाणवते, कारण येथे इंग्रजी आणि देशी अशा दोन्ही चाली रुळल्या आहेत.

एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांच्या काळात अनेक मराठी गीते पाश्चात्त्य चालींवर बसवली गेली. इंग्रजी कविता आघातावर चालते, मराठी ऱ्हस्व-दीर्घावर. त्यामुळे जोर पहिल्याच स्वरावर असलेल्या चालीत ‘कृपा’ हा शब्द आला, तर ‘कृ’ लांबतो आणि ‘पा’ आखडतो. शब्द ओळखू येतो, पण बोलीतला आपलेपणा उणावतो. तरीही या चाली टिकल्या. बाजाच्या पेटीवर किंवा ऑर्गनवर चार आवाजांत उठणारे गीत ऐकताना आपण मोठ्या समुदायाचे आहोत, हा भाव येतो. तो एकट्याच्या गाण्यात येत नाही.

देशी चालींना खरे बळ दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले टिळक तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत. अभंगाची चाल टाळांच्या ठेक्यावर सुरू झाली की मराठी माणसाला आर्तता वेगळी समजावून द्यावी लागत नाही; वारीने ती आधीच कानात घातलेली असते. पुण्यात तर ही दोन्ही जगे शेजारीच आहेत: पेशवाईत, १७९२ साली स्थापन झालेले सिटी चर्च आणि तुकोबांच्या पालखीच्या मुक्कामाचे निवडुंग्या विठोबा मंदिर, दोन्ही नाना पेठेतच आहेत. भैरवीतले भजन उपासनेच्या शेवटी आले की निरोप आपोआप कळतो. प्रारंभीच्या काही ख्रिस्ती श्रोत्यांना मात्र हीच ओळख अडचणीची वाटे. मागे सोडलेल्या देवळाची आठवण चालीबरोबर येई. दोन्ही प्रतिक्रियांचे मूळ एकच: चाल कोरी नसते.

चाल शब्दांवर मात करील, ही भीती जुनीच आहे. गीताच्या अर्थापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावतो, तेव्हा आपण चुकतो, अशी कबुली प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिन यांनी ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात दिली आहे, पण दुबळ्या मनाला गाणे भक्तीकडे नेते, हेही त्यांनी मान्य केले. कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या धर्मसभेने (१९६२–६५), लोकभाषेला आणि स्थानिक संगीताला वाट मोकळी केली. मराठी मिस्सात (कॅथलिकांच्या मुख्य उपासनेत) पेटी-तबल्यावरचे भजन त्यानंतर रुजले आणि आजी-आजोबांनाही लॅटिनऐवजी आपल्या भाषेत गाता आले. हा बदल फार मोलाचा होता.

संगीत थांबते तेव्हाही अर्थ देते. कॅथलिक प्रथेनुसार ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष गायला जात नाही आणि वाद्ये केवळ गायनाला आधार म्हणून वाजतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र गुरुवारी गौरवगीतानंतर (‘ग्लोरिया’) घंटा मुक्या होतात. उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) साथीशिवाय गाताना शेजारच्याचा श्वास, कापरा आवाज, मध्येच तुटलेली ओळ, सगळे ऐकू येते. शनिवारी रात्री ईस्टरच्या जागरणविधीत गौरवगीत पुन्हा सुरू होते, घंटा घणघणतात आणि दोन दिवस गप्प असलेली पेटी भात्यात हवा भरून सूर धरते.