बास कमी पडतोय? आधी दार तपासा, मग डिकी

"गाडीत बासच नाही" म्हणत माणूस कार डेकोरच्या दुकानात शिरतो आणि बहुतेक वेळा डिकीत सबवूफरची, म्हणजे फक्त तळाचा बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरची, पेटी बसवूनच बाहेर पडतो. कोल्हापुरात तर हे फारच सहज होतं. गणपतीच्या मिरवणुकीतली डॉल्बी छातीवर झेलत वाढलेल्या पोराला बास म्हटलं की मोठा कोनच (स्पीकरचा पुढे-मागे हलणारा पडदा) आठवतो. मग पेटी बसते, मागची काच थरथरते, नंबरप्लेट खडखडते आणि गाणं मात्र होतं तितकंच पोकळ राहतं. कारण कमी पडत होता दाराचा बास, आणि विकत आणला डिकीचा.

हे दोन बास वेगळे आहेत. कानाला सवय नसेल तर एकच वाटतात. पैसे मोजायच्या आधी त्यांतला फरक कळला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं, कारण चुकीच्या बाजूला गेलेला खर्च नंतर कुठलीही सेटिंग करून भरून निघत नाही.

माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ (सेकंदाला होणारी कंपनं) ऐकू येतं. त्यातला २० ते ८० हर्ट्झचा तळाचा पट्टा सबवूफरचा, म्हणजे सबचा. ८० पासून वर दोन-तीन हजार हर्ट्झपर्यंतचं काम दारातल्या साडेसहा इंची वूफरचं, आणि त्याच्या पुढचं बारीक आवाजाच्या छोट्या स्पीकरचं, म्हणजे ट्वीटरचं. आता गाण्यात काय कुठे पडतं बघा. तबल्याचा डग्गा, ढोलकीच्या डाव्या पुडीचा घुमारा, ड्रमचा छातीत बसणारा ठोका, पुरुष गायकाच्या आवाजातला भरदारपणा, हे सगळं मुख्यतः ८० ते २०० हर्ट्झमध्ये, म्हणजे दारात. बोलताना पुरुषाच्या आवाजाचा पायाच ८५ ते १५५ हर्ट्झच्या दरम्यान असतो. सबच्या वाट्याला बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा ४१ हर्ट्झचा सूर, सिंथेसायझरची ३०-५० हर्ट्झची लांब गुरगुर, सिनेमातले स्फोट. कुस्तीच्या मैदानात अंगावर काटा आणणारी हलगी घ्या. तिचा कडकडाट तर बासमध्ये मोडतच नाही, तो बराच वरचा आवाज आहे. तरी हलगीचं रेकॉर्डिंग गाडीत मिळमिळीत वाजलं की लोक सब बघायला निघतात.

कानाने ओळखायचं तर दाराचा बास ठोका देतो आणि थांबतो. सबचा बास घुमतो, सीटमधून पाठीला जाणवतो. अभंग, लावणी, भावगीतं, जुनी हिंदी गाणी हाच तुमचा रोजचा खुराक असेल तर सबला फारसं कामच उरत नाही. नवी नाचाची गाणी, रॅप, इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकणाऱ्याला मात्र सबशिवाय गाण्याचा तळच सापडणार नाही.

मग एकाने दुसऱ्याचं काम का करू नये? कारण सूर एका सप्तकाने खाली गेला, म्हणजे ८० चा ४० हर्ट्झ झाला, की तेवढ्याच जोराचा आवाज काढायला कोनला चौपट पुढे-मागे हलावं लागतं. साडेसहा इंची कोनचं प्रत्यक्ष हलणारं क्षेत्रफळ १३० चौरस सेंटीमीटरच्या आसपास, तर १२ इंची सबचं ५०० च्या जवळ. छोट्या कोनला ४० हर्ट्झ वाजवायला लावलं की तो धापा टाकतो, आणि त्याच्या अंगावर असलेला गायकाचा आवाजही सोबत फाटतो. उलट बाजूने, सबला १५०-२०० हर्ट्झपर्यंत वर ओढलं तर ठोका मागच्या सीटच्या पाठीमागून येतोय हे लगेच कळतं. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठून येतो ते कानाला नीट सांगता येत नाही, म्हणून सब डिकीत बसू शकतो. त्याच्या वरचा आवाज कुठून येतो ते कळतं. गायक समोर आणि डग्गा डिकीत, असं गाणं कुणाला आवडेल?

आता दाराकडे, कारण खरी गोम इथेच आहे. कंपनीच्या गाडीच्या दाराचं पॅड काढून आत बघा. प्लास्टिकच्या चौकटीत बसवलेला स्पीकर, पातळ कागदी कोन, मागे जेमतेम दोन इंचांचं चुंबक. दाराच्या पत्र्यावर बोटाने टकटक केली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढी मोठी भोकं आणि त्यांवर चिकटवलेला प्लास्टिकचा कागद. कोन पुढे जातो तेव्हा समोर हवा दाबली जाते आणि मागे विरळ होते. मागची ही उलटी लहर भोकांतून पुढे आली की बास जागच्या जागी कटतो. म्हणजे दार हीच स्पीकरची पेटी, आणि तिलाच भोकं. अशा दारात महागडा कंपोनंट सेट (वूफर आणि ट्वीटर वेगळे असलेला) बसवून उपयोग काय?

म्हणून स्पीकरच्या बजेटमध्ये दाराचं काम धरलंच पाहिजे. बाहेरच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलच्या डॅम्पिंग शीट (कंपन मारणाऱ्या चिकट रबराच्या) लावायच्या, रोलरने दाबून. पूर्ण पत्रा झाकायची गरज नाही, मधला मोकळा भाग धरला तरी पत्र्याचा आवाज मरतो. आतल्या पत्र्याची भोकं बंद करायची. स्पीकरच्या कडेने फोमची पट्टी. एवढ्यावर कंपनीच्याच स्पीकरमधून ठोका घट्ट झालेला ऐकू येतो.

इथे आपल्या पावसाचं एक सांगितलंच पाहिजे. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतं आणि खालच्या फटींतून बाहेर पडतं, गाडीची रचनाच तशी असते. गगनबावड्याच्या बाजूला पावसाळ्यात नेहमी ये-जा असेल तर हे पाणी थोडंथोडकं नसतं. शीट लावताना त्या खालच्या फटी बुजल्या तर दार आतून गंजायला लागतं. स्पीकरखाली बसवायची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या पाटीची) असेल तर एक-दोन पावसाळ्यांत फुगते, स्क्रू ढिले पडतात आणि फरफर सुरू होते. प्लास्टिकची रिंग मागा. कोनसुद्धा पॉलिप्रॉपिलीनचा, म्हणजे प्लास्टिकचा, घेतलेला बरा. साधा कागदी कोन आवाजाला गोड असतो, पण आपल्या हवेत मी तो दारात बसवायला सांगणार नाही.

तुमच्या गाडीत नेमकं काय कमी आहे, हे घरबसल्या कळतं. गाडी शांत जागी लावा. इक्वलायझर सपाट करा, बास बूस्ट आणि लाउडनेस बंद. डग्गा किंवा ढोलकी स्पष्ट असलेलं, तोंडपाठ असलेलं गाणं बऱ्यापैकी मोठ्याने लावा आणि दाराच्या पॅडवर तळहात जोरात दाबून धरा. आवाज बदलला, खरखर थांबली, ठोका घट्ट झाला, तर दोष दारात आहे. मग स्टिरिओमध्ये हाय-पास फिल्टर (ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज अडवणारी सेटिंग) असेल तर तो ८० किंवा १०० हर्ट्झवर सुरू करा. आवाज मोकळा झाला, पूर्वीपेक्षा जास्त व्हॉल्यूम झेपायला लागला, पण गाण्याचा तळ गेला असं वाटलं, तर वूफर न झेपणारं ओझं वाहत होता. तिथे सबची गरज खरी आहे. बजेट एकाच गोष्टीचं असेल तर माझं मत ठाम आहे: पुढचे दोन स्पीकर आणि दारं आधी. मागच्या दारांवर खर्च करायची तर घाईच नको. सब नंतर कधीही जोडता येतो.

सबमध्ये आपल्याकडे दोन पर्याय जास्त चालतात. सीटखालचा ८ इंची चपटा, ज्यात ॲम्प (आवाजाला ताकद देणारं यंत्र) आतच असतो, आणि डिकीतली १० किंवा १२ इंची पेटी. डिकीत सीएनजीची टाकी असेल, किंवा गावाकडून येताना पोती भरून आणायची असतील, तर सीटखालचाच घ्या. तो ४० हर्ट्झच्या खाली फारसा उतरत नाही, पण दारांना आधार पुरेसा देतो. पेटी घेणार असाल तर सीलबंद की पोर्टची (हवेसाठी भोक ठेवलेली), हा प्रश्न येतो. पोर्टची पेटी तेवढ्याच वॉटमध्ये जास्त दणका देते, पण जागा जास्त खाते, आणि पेटी ज्या सुराला जुळवलेली असते त्याच्या खालच्या सुरांवर कोन मोकाट सुटतो. सीलबंद पेटी १२ इंचीला २८ लिटरच्या आसपासही पुरते. शिवाय गाडीची बंद केबिन तळाचे सूर आपोआप उचलून धरते, त्यामुळे हॅचबॅकमध्ये सीलबंद पेटीचा बास घरातल्यापेक्षा खोल लागतो. गाणं ऐकायचं असेल तर सीलबंद.

वॉटच्या आकड्यांना मात्र भुलू नका. स्टिरिओवर '४ गुणिले ५० वॉट' लिहिलेलं असतं, त्याचा हिशेब सोपा आहे. इंजिन सुरू असताना १४.४ व्होल्ट मिळतात. त्याचा वर्ग २०७, भागिले स्पीकरचे ४ ओहम, की आले ५२ वॉट. हे क्षणभराचं शिखर. सततचा आकडा त्याच्या निम्मा, आणि स्वच्छ आवाजात हाती लागतात १५ ते २०. म्हणून खोक्यावर फक्त आरएमएस, म्हणजे सततचा आकडा, बघायचं. स्टिरिओवरच स्पीकर चालवणार असाल तर सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच वॉटमध्ये किती मोठा वाजतो ते) जास्त असलेला घ्या. ३ डेसिबल जास्त म्हणजे निम्म्या वॉटमध्ये तेवढाच आवाज. डिकीतल्या पेटीला स्वतंत्र ॲम्प लागतोच. ३०० वॉट आरएमएसचा क्लास डी ॲम्प पूर्ण जोरात २७ अँपिअरच्या आसपास ओढतो. त्याची वायर थेट बॅटरीपासून, शुद्ध तांब्याची, आणि फ्यूज बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची वायर स्वस्त पडते, पण त्याच जाडीत कमी करंट झेपवते आणि तापते. इथे पैसे वाचवू नका. कंपनीच्या स्क्रीनला आरसीए आउटपुट (ॲम्पला जोडायची वेगळी जागा) नसेल तर हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरच्याच वायरवरून सिग्नल घेणारं) असलेला ॲम्प निवडा आणि मूळ वायर न कापता कपलर (तयार जोड-प्लग) वापरायला सांगा.

दोन्ही बसल्यावर त्यांची जोडणी राहते, आणि बहुतेक दुकानांत ती पाच मिनिटांत उरकली जाते. दारांना ८० हर्ट्झचा हाय-पास, सबला ८० चाच लो-पास (त्याच्या वरचा आवाज अडवणारा), इथून सुरुवात करा. त्याआधी पोलॅरिटी, म्हणजे प्लस-मायनसची जोडणी, बघा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल दाराच्या स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचा प्लस स्पीकरच्या प्लसला असेल तर कोन बाहेर यायला हवा. हीच खूण वायरच्या दुसऱ्या टोकाकडून, ती स्टिरिओपासून सोडवून, तपासता येते. एका दाराची वायर उलटी जोडली गेली असेल तर डावा-उजवा बास एकमेकांना खातात. दोन्ही दारं मिळून एका दारापेक्षाही कमी बास येतो आणि दोष सबच्या नावावर जातो. सबचा गेन (आवाजाची पातळी) शून्यावरून हळूहळू वाढवा आणि सब वेगळा ऐकू यायला लागला की किंचित मागे या. मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून सबचा फेज (दारांच्या तुलनेत सबचा कोन कुठल्या बाजूला हलतो ते ठरवणारं बटण) ० आणि १८० दोन्हींवर फिरवून ऐका. ज्या स्थितीत ठोका जास्त भरीव लागेल आणि डॅशबोर्डच्या बाजूने आल्यासारखा वाटेल, ती ठेवा.